एक गड, एक वेढा

रविवारी पन्हाळ्यावर गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. तरी बहुतेक कुटुंबांचा गड दोन-तीन तासांत उरकतो: तीन दरवाजा, सज्जा कोठी, फोटो, झुणका-भाकर आणि परत. गाइड केला तर शिलाहार भोजापासून १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडापर्यंत सगळे राजे एका दुपारी कानांवरून जातात आणि मुलांच्या लक्षात राहतो तो गडावरचा भन्नाट वारा. माझं म्हणणं असं, की गाइडविना जायचं तर एकच लढाई धरावी आणि तिच्या मागोमाग गड पाहावा. पन्हाळ्यावर ती १६६०च्या वेढ्याची. २०२५ मध्ये हा गड जागतिक वारसा यादीत गेला; खरं तर या वेढ्यासाठी तो त्याआधीच जायला हवा होता.

तयारी आदल्या रात्री जेवताना करावी. १० नोव्हेंबर १६५९ला अफजलखान मारला गेला आणि अठरा दिवसांत पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. मार्च १६६०मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. त्याच सुमारास मुघलांचा शाइस्ताखान पुण्यावर चालून आलेला, म्हणजे स्वराज्य दोन्हीकडून कात्रीत. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडेल, ही आशाही सिद्दीनं खोटी ठरवली. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली ती उगाच नव्हे. एवढं घरी सांगून झालं, की गडावर मोबाइल बघून माहिती वाचावी लागत नाही.

वर गेल्यावर आधी अंबरखाना. वेढा चार महिन्यांवर चालला, मग गडावरच्या माणसांनी खाल्लं काय, हा प्रश्न मुलांना इथंच विचारायचा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं आहेत. गंगा कोठीच्या बाहेरून जिना थेट छतावर जातो. छताला झरोके आहेत, धान्य तिथून खाली ओतायचे. आत उभं राहून मान वर केली, की त्या झरोक्यांतून उजेडाचे कवडसे खाली उतरलेले दिसतात आणि कोठीची उंची अंगावर येते. कुणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

मग अंधारबाव. तीन मजली विहीर: तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर जाणारी चोरवाट. अन्नाचं कळलं, पाण्याचं कळलं. आता बाहेर कसं पडायचं? शेजारच्या तीन दरवाजावरची नक्षी आणि फारसी शिलालेख जरूर बघा, पण तिथं रेंगाळू नका. पुसाटी बुरुजावर जा. समोर मसाई पठार पसरलेलं दिसतं. १२ जुलै १६६०च्या रात्री, भर पावसात, महाराज राजदिंडीतून उतरून त्या पठाराच्या दिशेनं, विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेले शिवा काशीद शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. नेबापूरच्या या माणसाच्या स्मारकापाशी थांबल्याशिवाय गड उतरू नये.

चार दरवाजा मात्र शोधत बसू नका. १८४४च्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला.

दुसरा दिवस महाराजांच्या त्याच वाटेवरच्या पावनखिंडीचा. चालत जाणारे आषाढात पठारावरून सुमारे पन्नास किलोमीटर तुडवत जातात. लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर मलकापूर-आंबा रस्त्यानं गाडीनं जावं. पावनखिंडीवरच्या चित्रपटामुळे मुलांना लढाईचा शेवट पाठ असतो. ती इथंच का झाली, हे मात्र खिंडीत उतरल्यावरच कळतं. पुढे विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होता, मागून सिद्दीची फौज येत होती, आणि गजापूरची ही खिंड, तेव्हाची घोडखिंड, इतकी अरुंद, की मोठ्या फौजेला मोठेपणाचा उपयोगच होऊ नये. बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे इथं उभे राहिले ते जागा हेरून. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात, ज्येष्ठांनी वरच थांबावं. विशाळगडावर जायचं तर प्रवेश सुरू आहे का, याची आधी चौकशी करावी.

तिसरा दिवस हाताशी असेल तर वेढा बाजूला ठेवून तो कोल्हापूरजवळच्याच, दुसऱ्या महायुद्धातल्या एका गोष्टीला द्या. सोव्हिएत राजवटीनं सायबेरियात हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त, इराणमार्गे आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. पन्हाळ्यासारखं बोट दाखवायला इथं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून ऐकीव गोष्टीच गोळा कराव्या लागतात. घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल तर पोलिश छावणीबद्दल त्यांना आधी विचारा. मग महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहा आणि तिथून गांधीनगरला जा. कपड्यांच्या खरेदीला तिथं सगळं कोल्हापूर जातंच.