चिपाड जळते तेव्हा

गुऱ्हाळात चरकातून निघालेली चिपाडे उन्हात पसरून वाळवतात आणि तीच चुलवाणात सारून काहिलीतला रस आटवतात. उसाचा गूळ उसाच्याच जाळावर होतो. साखर कारखान्यातही हेच चालते. तिथे चिपाडाला बगॅस म्हणतात आणि चुलवाणाच्या जागी बॉयलर असतो. फरक इतकाच, की गुऱ्हाळवाला चिपाड वाळवून जाळतो, कारखाना बहुधा ओलेच. हा फरक किती महाग पडतो, हे कळायला चिपाड जळते म्हणजे नेमके काय होते ते पाहावे लागेल.

आग चिपाडाला लागते, असे आपण म्हणतो. खरे तर उष्णतेने आधी चिपाड फुटते. त्यातून निघणारे वायू पेटतात, ती ज्वाळा. मागे राहिलेला कोळसा ज्वाळेविना धगधगतो. हवा मिळाली नाही तरी हे फुटणे थांबत नाही. फक्त वायू, डांबर आणि कोळसा न जळता हाती येतात.

फुटण्याला क्रम आहे. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी उडते, आणि ते उडेपर्यंत धाग्याचे तापमान फारसे चढत नाही. साधारण २२० ते ३१५ अंशांत हेमिसेल्युलोज फुटते. त्यातून निघणारे ॲसेटिक आम्ल हे धुराने डोळे चुरचुरण्याचे एक कारण. ३१५ ते ४०० अंशांत सेल्युलोजची पाळी येते. कोरड्या चिपाडात त्याचा वाटा सुमारे ४० ते ४५ टक्के, त्यामुळे या अरुंद टप्प्यात वजन झपाट्याने घटते. लिग्निन मात्र सावकाश, १६० पासून थेट ९०० अंशांपर्यंत फुटत राहते आणि सर्वांत जास्त कोळसा मागे ठेवते.

यातले सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. रस पिळून घेतल्यावरही चिपाडात साखरेचा हा दुसरा साठा उरतो. तो आपल्याला पचत नाही, आगीला पचतो.

आता हिशेब. टनभर उसामागे सुमारे २८० किलो बगॅस निघतो आणि त्यात जवळपास निम्मे पाणी असते. त्या १४० किलो पाण्याची वाफ करण्यात बगॅसच्या एकूण उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा खर्ची पडतो. शिवाय ओलाव्याने भट्टी थंड राहते, निघालेले वायू पुरते पेटत नाहीत आणि काजळी होऊन धुराड्यातून जातात. गावाच्या छपरांवर बसणाऱ्या त्या काजळीत न जळलेले इंधनही असते.

धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूंवर बगॅस वाळवण्याची यंत्रे आहेत. वाळवल्याने वाचलेला बगॅस वीज किंवा कागद होऊन कारखान्याला पैसे मिळवून देतो. अंगणात चिपाडे पसरणारा गुऱ्हाळवाला हेच काम उन्हाकडून फुकट करून घेतो.