पाळणाघराला खोली पुरत नाही, नजर लागते

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला पाळणाघराशी काय देणेघेणे, असे आमच्या काही व्यापारी बंधूंना वाटेल. परंतु शिलाईच्या कारखान्यात धागे कापणे, बटणे लावणे, घड्या घालणे ही कामे मोठ्या संख्येने बायका करतात. बाई कामावर येते तेव्हा तिच्यामागे तिचे लेकरूही येते. ते कोणाच्या हवाली करायचे, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, मालकाचाही आहे.

आम्ही हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या लहानशा कारखान्यात पूर्वी बायका कटिंग टेबलाच्या पायांना झोळी बांधून मुलांना झोपवत. आम्ही ते पाहत होतो आणि गप्प होतो. एके दिवशी दीड वर्षाच्या एका मुलाने जमिनीवर पडलेले बटण तोंडात घातले. ते घशात अडकले, मूल निळे पडू लागले. एका वयस्कर कामगार बाईने त्याला पालथे धरून पाठीत थापा मारल्या आणि बटण बाहेर आले. मूल वाचले. त्या बटणाची किंमत आमच्या वहीत काही पैसे होती. त्या दिवशी ती किती होऊ शकली असती, याचा हिशोब आम्हाला आजही करवत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे सक्तीचे होते. खोलीत उजेड व हवा हवी, ती स्वच्छ हवी आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी, असे त्यातच लिहिलेले होते. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. येथे पन्नास म्हणजे पुरुष व स्त्रिया मिळून पन्नास. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये पन्नास कर्मचाऱ्यांची आणि चार भेटींची तरतूद आहे.

पाळणाघर कसे असावे, याबद्दल केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतील मुख्य गोष्टी अशा : जागा कामाच्या ठिकाणी किंवा पाचशे मीटरच्या आत असावी; शक्यतो तळमजल्यावर असावी; दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा मिळावी; तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई असावी, त्यावरील वयाच्या वीस मुलांमागे एक, आणि सोबत मदतनीस. मुले आत असताना प्लंबर, वायरमन, ड्रायव्हर अशा बाहेरच्या माणसांना प्रवेश नसावा. देखरेखीसाठी पालकांचे प्रतिनिधी असलेली समितीही असावी.

हे वाचून आम्ही खोली रंगवली, सतरंजी घातली, खेळणी आणली, एक शिकलेली बाई नेमली आणि समजलो की आपले काम झाले. चूक नेमकी येथेच झाली. ईदच्या आधी मालाची घाई असे, तेव्हा आम्हीच त्या बाईला तासाभरासाठी पॅकिंगला बोलावू लागलो. मुले झोपली आहेत, काय होणार, असे आमचे म्हणणे. एकदा ती परतली तेव्हा एक मूल पाण्याच्या बादलीत डोके घालून वाकलेले होते. नशिबाने पाय जमिनीवर होते. त्या दिवशी आम्हाला कळले की दहा मुलांमागे एक बाई हे प्रमाण हजेरीपत्रकावर पाळायचे नसते. ते दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला पाळायचे असते. ती जेवायला गेली, तरी तिच्या जागी दुसरी उभी राहिली पाहिजे.

लहान मूल चार बोटे पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना ते आवाज करत नाही. म्हणून शेजारच्या खोलीतून कान देणे म्हणजे देखरेख नव्हे. मूल डोळ्यांसमोर हवे आणि हाताच्या टप्प्यात हवे. सकाळी किती मुले आली, जेवणाच्या वेळी किती होती, संध्याकाळी किती व कोणाच्या हाती गेली, हे वहीत लिहिले पाहिजे. थानांची मोजणी दोनदा करणाऱ्या व्यापाऱ्याला हे शिकवावे लागू नये.

झोपेचेही नियम आहेत. वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर झोपवावे. उशी, जाड गोधडी, कापडाचे गठ्ठे जवळ ठेवू नयेत. आमच्या धंद्यातले धोके वेगळे लक्षात ठेवावेत : बटणे, हुक, सुया, वाफेची इस्त्री, डाग काढण्याचे रसायन, कतरनीची धूळ. यांपैकी एकही वस्तू पाळणाघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. घशात काही अडकल्यास काय करायचे, हे तेथील प्रत्येक बाईला शिकवलेले असावे. त्या वेळी डॉक्टर येईपर्यंत थांबता येत नाही.

केवळ मान्यतेच्या कागदावर विसंबू नये, हे सांगणारा एक दाखला मेक्सिकोतला आहे. ५ जून २००९ रोजी तेथील हर्मोसिलो शहरात एका पाळणाघराला आग लागून ४९ मुले मरण पावली. ते सरकारी सामाजिक विमा संस्थेच्या कराराखाली चालणारे, मान्यता असलेले पाळणाघर होते. इमारत मूळची गोदामाची. आग शेजारच्या गोदामात लागली आणि छतातून पसरली. बाहेर पडायची वाट अपुरी ठरली, म्हणून लोकांनी गाडी धडकवून भिंत फोडली. आपल्याकडे कापडाच्या गाठी आणि माणसे किती जवळजवळ असतात, हे वाचकांना सांगायला नको. पाळणाघर गोदामाला लागून नसावे. दोन दारे असावीत आणि दोन्ही बाहेर उघडणारी असावीत. कुलूप लावलेले दुसरे दार हे दार नव्हे, भिंतच होय.

दुसरा दाखला जवळचा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केल्याचे कॅमेऱ्यात दिसले. कॅमेरा होता, पण त्या वेळी त्यात पाहणारे कोणी नव्हते. म्हणून नोकरीवर ठेवण्यापूर्वी बाईची पोलीस पडताळणी करावी आणि आईला न सांगता केव्हाही आत येऊ द्यावे. आईच्या नजरेइतकी पक्की तपासणी दुसरी नाही.

खर्चाचे काय, असे विचारले जाईल. भिवंडी, मालेगावकडच्या पुष्कळ कारखान्यांत पन्नास माणसेही नसतात. त्यांना ही सक्तीच नाही. परंतु बटण घशात अडकताना हजेरीपत्रक पाहत नाही. अशा कारखान्यांनी एकत्र यावे. सामायिक पाळणाघराची मुभा कायद्यातच आहे. एका गल्लीतल्या पाच कारखानदारांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आणि दोन शिकलेल्या बाया व एक मदतनीस ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्चाचा पाचवा हिस्सा येतो. शिवाय ज्या बाईचे चित्त लेकरापाशी अडकलेले नसते, तिच्या हातून माल कमी बिघडतो आणि ती काम सोडून जात नाही. हे आम्ही आमच्या वहीवरून सांगतो.

आमच्या कारखान्यात आता एक नियम आहे : पाळणाघरातल्या बाईला कोणीही, मालकानेही, दुसरे काम सांगायचे नाही. मागच्या मोसमात एक मोठी ऑर्डर त्यामुळे एक दिवस उशिरा गेली. गिऱ्हाईक रागावले, थोडी कपातही झाली. ती रक्कम आम्ही नुकसानीच्या खात्यात लिहिली नाही. दुसऱ्याचे मूल ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत सांभाळण्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च असतो.