मोटारीसाठी सुपरचार्जर संच : निवड व खरेदीचा विचार (सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

सांगलीहून पेठ नाका, कराडमार्गे सातारा व तेथून मेढ्याच्या बाजूने महाबळेश्वर हा प्रवास आपल्या परिसरातील अनेक प्राध्यापक वर्षातून दोन-तीनदा तरी करतात. चार माणसे, सामान आणि चालू वातानुकूलन यंत्रणा असताना बाराशे घनसेंटिमीटरची पेट्रोल मोटार केळघरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागते, हा अनुभव नवा नाही. अशाच एका प्रवासानंतर आमच्या एका सहकाऱ्यांनी, 'इंजिनाला सुपरचार्जर बसवून घेतला तर कसे?' असा प्रश्न विभागात उपस्थित केला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे. हा विषय केवळ हौसेचा नाही. त्यात भौतिकशास्त्र आहे, कायदा आहे आणि मध्यमवर्गीय कुटुंबाची मोठी रक्कम पणाला लागलेली असते.

सातारा व सांगली हे जिल्हे इंजिनाला अपरिचित नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तर सर धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोड येथे कारखाना उभारला आणि पुढे तेथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. तरीही मोटारीच्या इंजिनात नंतर बसवावयाच्या सुपरचार्जरविषयी मराठीत शास्त्रीय लेखन फारसे आढळत नाही. परिणामी ग्राहक दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो.

चढावर शक्ती का घटते?

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, परंतु त्याची शक्ती ठरते ती प्रामुख्याने सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सांगलीची उंची सुमारे ५५० मीटर असल्याने तेथे तो ९५ च्या आसपास येतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे दाब साधारण ८६ किलोपास्कल भरतो. प्रमाण वातावरणाच्या सूत्रानुसार तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. म्हणजेच ८० अश्वशक्तीचे इंजिन माथ्यावर सत्तरच्या जवळपास येते. सांगलीच्या मानाने पाहिल्यास ही घट सात-आठ टक्केच आहे, हेही लक्षात ठेवावे. मोटार घाटात दमते याचे सारे खापर विरळ हवेवर फोडता येत नाही.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच दंडावरून पट्ट्याने फिरणारा संपीडक होय. तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवितो. टर्बोचार्जरही हेच कार्य करतो, पण त्यासाठी तो धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंची ऊर्जा वापरतो. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये जे हवा ढकलणारे यंत्र पेटंट केले ते मोटारीसाठी नव्हतेच, कारण तेव्हा मोटारच नव्हती! मोटारींच्या नियमित उत्पादनात सुपरचार्जर आणण्याचे श्रेय मर्सिडीजला दिले जाते. त्यांच्या अशा गाड्या १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. पुढे पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीजच्या 'कॉम्प्रेसर' गाड्या आपल्या रस्त्यांवरही दिसल्या.

आकडेमोड आणि तिचा अर्थ

साताऱ्यातील मे महिन्याची दुपार, तापमान ३५ अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब सुमारे ९३ किलोपास्कल, असे उदाहरण घेऊ. सुपरचार्जरने हा दाब १.४ पट केला, तर इंजिनाची शक्ती १.४ पट होईल, असे विक्रेते सांगतात. हे विधान फसवे आहे. हवा दाबली की ती तापते. आदर्श स्थितीत ही वाढ सुमारे ३० अंश असते, परंतु साध्या रूट्स प्रकारच्या यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास ती ५० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे सिलिंडरकडे निघालेली हवा सुमारे ८७ अंशांची असते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. हिशोब करता घनता १.४ पट न होता जेमतेम १.२ पट होते. मध्ये इंटरकूलर बसवून हवा ५० अंशांपर्यंत थंड केली तर ती १.३३ पटीपर्यंत जाते. यावरून इंटरकूलरविना विकल्या जाणाऱ्या स्वस्त संचात ग्राहक नेमके काय गमावतो, हे स्पष्ट व्हावे.

याच उदाहरणातील १.२ लिटरचे इंजिन ६,००० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे तीन हजार लिटर हवा घेते. सुपरचार्जर व इंटरकूलरसह ती चार हजारांवर जाते. एवढी हवा दाबण्यासाठी सुमारे ३.७ किलोवॅट, म्हणजे पाच अश्वशक्ती लागते आणि ती इंजिनातूनच जाते.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. बाजारात 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' या नावाने दोन-तीन हजार रुपयांत एक पंखा मिळतो. आमच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम घेतला होता. बारा व्होल्टवर पाच अँपिअर ओढणारा हा पंखा ६० वॅटचा होय. आवश्यक ३.७ किलोवॅटसाठी त्याच बॅटरीतून तीनशेहून अधिक अँपिअर ओढावे लागतील. बारावीच्या विद्यार्थ्याला सुटणारे हे गणित खरेदीपूर्वी आपणांपैकी कोणीच केले नाही, याची खंत वाटते.

संचाची निवड

सुपरचार्जरचे तीन प्रमुख प्रकार आहेत. रूट्स प्रकारात दोन पाकळ्यांचे दंड हवा ढकलतात. जुळ्या मळसूत्रांच्या प्रकारात हवा आतच दाबली जाते, त्यामुळे तो कमी तापतो, पण महाग पडतो. केंद्रोत्सारी प्रकारात वेगाने फिरणारे चक्र असते व त्याचा दाब फेऱ्यांच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेऱ्या निम्म्या झाल्या की दाबाची वाढ साधारण चतुर्थांशावर येते. घाटात इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर असते. त्यामुळे मोकळ्या शर्यतीच्या मार्गावर उत्तम ठरणारा केंद्रोत्सारी संच पसरणी वा केळघरच्या घाटात जवळपास निरुपयोगी ठरतो. घाटाकरिता पहिले दोन प्रकारच विचारात घ्यावेत.

तथापि संपीडक हा संचाचा एक भाग आहे, संच नव्हे. उपरोक्त उदाहरणात पूर्ण भाराखाली इंजिनाला तासाला सुमारे १७ किलो इंधन लागत असेल, तर नव्या स्थितीत ते २२ किलोपर्यंत जाईल. मूळ इंजेक्टर व इंधनपंप एवढा पुरवठा करू शकत नसतील तर मिश्रण विरळ होते, सिलिंडरमधील तापमान वाढते आणि दट्ट्या वितळण्यापर्यंत मजल जाते. म्हणून इंजेक्टर, पंप, इंटरकूलर, दाब मर्यादित ठेवणारी झडप, पट्ट्याचा ताण राखणारी कप्पी आणि त्या विशिष्ट इंजिनासाठी तपासलेली नियंत्रकाची आज्ञावली, एवढे साहित्य ज्यात नाही त्यास संच म्हणू नये.

दुसरा प्रश्न संपीडन गुणोत्तराचा आहे. इंधन वाचविण्यासाठी आजची अनेक लहान पेट्रोल इंजिने ११ किंवा १२ इतक्या गुणोत्तराची बनविली जातात. अशा इंजिनात आधीच दाबलेली हवा सोडली तर मिश्रण ठिणगीआधी वा अनियंत्रितपणे पेटते व इंजिन ठोकू लागते. या दृष्टीने जुनी, ९ ते ९.५ गुणोत्तराची इंजिने अधिक सहनशील होत. मात्र त्यांचे वय झालेले असते.

इंधनाच्या बाबतीत आपल्या परिसराचा वेगळा संबंध येतो. ज्या उसावर सातारा-सांगलीचे अर्थकारण उभे आहे, त्याच उसापासूनचे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असतो व बाष्पीभवन होताना ते हवेला थंड करते. हे दोन्ही गुण सुपरचार्जरला अनुकूल आहेत. परंतु त्याची लिटरमागील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने इंधन अधिक सोडावे लागते. परदेशात इथेनॉलविरहित वा १० टक्के मिश्रणासाठी लिहिलेली आज्ञावली येथे जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे.

कायद्याची बाजू

तांत्रिकदृष्ट्या सर्व जुळले तरी खरी अडचण पुढेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. सी.एन.जी., एल.पी.जी. वा बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची सवलत त्यात आहे, पण शक्तिवर्धनासाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अननुज्ञेय बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार मान्यता मिळालेले इंजिन बदलले की त्या मान्यतेचा आधारही उरत नाही. 'पी.यू.सी. निघते, काळजी नको' या दुकानदाराच्या बोलण्याला अर्थ नाही, कारण ती तपासणी पेट्रोल गाडी उभी असताना व भाराविना होते.

विम्याचा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. केलेला बदल कंपनीस न कळविल्यास अपघातानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्यास सबळ कारण मिळते. उत्पादकाची हमीही संपते. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर रोज वापरावयाच्या गाडीस असा संच बसवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर नेण्यासाठी ठेवलेली गाडी किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील इंजिन यांची गोष्ट निराळी.

खरेदी

अशा योग्य कारणासाठी संच घेणाऱ्याने प्रथम इंजिनाची सिलिंडरनिहाय दाबचाचणी करून घ्यावी. चारांपैकी एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल तर पुढचा विचारच सोडावा. विक्रेत्याकडे संपीडकाचा दाब व प्रवाह यांचा आलेख मागावा. तो देता येत नसेल तर यंत्र कोणत्या इंजिनासाठी बनले आहे हे विक्रेत्यालाच ठाऊक नाही, असे समजावे. जुन्या गाडीतून काढलेला सुपरचार्जर घेताना दंड हाताने फिरवून धारवा खरखरतो का, पाकळ्यांवर घासल्याच्या खुणा आहेत का आणि तेल पाझरते का, हे पाहावे. परदेशातून मागविताना छापील किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क व १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो, आणि बसविण्याची व आज्ञावली जुळविण्याची मजुरी वेगळी असते. चाचणी बाकावर 'आधी' व 'नंतर' अशी दोन्ही मोजमापे लेखी घेतल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये.

ज्यांना केवळ घाट सुखाने चढावयाचा आहे त्यांच्यासाठी कारखान्यातूनच टर्बो बसवून येणाऱ्या लहान पेट्रोल गाड्या २०१७ नंतर आपल्याकडे सहज उपलब्ध झाल्या आहेत. त्यांचे दट्ट्ये, शीतलन व आज्ञावली मुळातच वाढीव दाबासाठी योजलेली असते आणि नोंदणी व विम्याचा प्रश्न उद्भवत नाही. संच, आयात व मजुरी यांची बेरीज करून ती जुनी गाडी विकून अशी गाडी घेण्यातील फरकाशी ताडून पाहावी.

आमच्या सहकाऱ्यांनी शेवटी दाबचाचणी करून घेतली. चारही सिलिंडर ठीक निघाले. झिजलेली क्लच प्लेट, धुळीने भरलेला हवेचा फिल्टर आणि चाकांत कमी असलेली हवा, एवढाच दोष आढळला. दुरुस्तीस नऊ हजार रुपये लागले. पुढील दिवाळीत त्यांनी केळघरचा घाट त्याच गाडीने, वातानुकूलन बंद ठेवून, पार केला. तो इलेक्ट्रिक पंखा आता भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शक्तीचे गणित शिकविण्यासाठी ठेवला आहे.