एक परवाना, दोन कायदे

श्रोतेहो, घरातील दोन वडीलधाऱ्यांनी एकाच मुलाला दोन आज्ञा कराव्यात, आणि एक पाळताना दुसरी मोडावी, असा प्रसंग आपण पाहिला असेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दोन कायद्यांमुळे असाच पेच उभा राहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

नदीनाल्यांत सांडपाणी सोडावयाचे किंवा पाणथळ जमिनीत भराव घालावयाचा, तर आधी परवाना घ्यावा, असे १९७२ चा शुद्ध जल कायदा सांगतो. परवाने देण्याचा अधिकार एखाद्या राज्याने मागितला व ठरावीक अटी पुऱ्या केल्या, तर केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो दिलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी दुसरा कायदा झाला. आपल्या कृतीने नामशेष होऊ घातलेल्या जीवजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही, याची प्रत्येक केंद्रीय खात्याने वन्यजीव खात्याशी विचारविनिमय करून खात्री केलीच पाहिजे, असे तो बजावतो.

मेख येथेच आहे. हे बंधन केंद्रीय खात्यांवर आहे, राज्यांवर नाही. दुर्मिळ प्राणी मारण्यास सर्वांनाच मनाई आहे, हे खरे. परंतु अपराधानंतर शिक्षा होणे निराळे आणि कुदळ पडण्यापूर्वी विचार होणे निराळे.

२००२ साली ॲरिझोना राज्याला सांडपाण्याच्या परवान्यांचा अधिकार मिळाला. एक लहानसे घुबड व निवडुंगाची एक जात यांची वन्यजीव अधिकाऱ्यांना चिंता वाटली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : कायद्याने खात्याला जेथे निवडीची मुभाच ठेवलेली नाही, तेथे विचारविनिमयाचे बंधन लागू होत नाही.

तरीही पेच सुटला नाही. पूर्वी लष्कराच्या अभियंता दलाकडे असलेला भरावाच्या परवान्यांचा अधिकार डिसेंबर २०२० मध्ये फ्लॉरिडा राज्याला मिळाला. परवाने लवकर मिळावेत, हा राज्याचा हेतू होता. आणि खोळंबलेल्या माणसाची अडचणही खोटी नसते. परंतु तेथील प्यूमा, ज्याला फ्लॉरिडा पँथर म्हणतात, सरकारी अंदाजाप्रमाणे पूर्ण वाढ झालेले अवघे १२० ते २३० उरले होते. या वेळी विचारविनिमय झाला खरा. पण वन्यजीव खात्याने पुढील साऱ्या परवान्यांसाठी एकच सरसकट अभिप्राय दिला. एकेका जातीचा तपशीलवार विचार त्यात नाही, म्हणून वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे अधिकारांतर रद्द केले. राज्याने त्यावर अपील केले.

श्रोतेहो, अधिकार केंद्राकडे असावा की राज्याकडे, हा कारभाराचा प्रश्न आहे. त्याची उत्तरे दोन असू शकतील. पण ज्याच्या हाती परवान्याचा शिक्का आहे, त्याने तो उमटविण्यापूर्वी ‘येथे कोण राहते?’ असे विचारलेच पाहिजे. घुबडाला न्यायालयात अर्ज करता येत नाही, आणि भरावाखाली गेलेली पाणथळ निकालाच्या कागदाने पुन्हा ओली होत नाही.