अरुंधती : प्रकाशाच्या उत्तर आकाशातील एक मंद तारा

नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते, आणि गुरू सिंह राशीत आला की तेथे सिंहस्थ पर्व भरत असल्यामुळे ग्रहताऱ्यांच्या गणिताशी त्या गावाचा संबंध जुना आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र गुरूसारख्या ठळक ज्योतीचा नव्हे, तर नदीच्या घाटावरून उत्तरेकडे पाहिले असता सप्तर्षींतील वसिष्ठाला लागून दिसणाऱ्या अरुंधती या मंद ताऱ्याचा. विवाहात सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची रीत महाराष्ट्रभर परिचित असली, तरी हा तारा मुळात केव्हा दिसू शकतो याचा विचार सहसा होत नाही.

प्रकाशा सुमारे साडेएकवीस उत्तर अक्षांशावर असल्याने आकाशाचा उत्तर ध्रुवबिंदू तेथे क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो, आणि अरुंधती या बिंदूपासून सुमारे ३५ अंश दूर असल्यामुळे दररोज काही तास ती क्षितिजाखाली जाते. ऐन लग्नसराईत, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, रात्री साडेनऊच्या सुमारास ती उत्तरेला ५६ अंशांवर चढलेली असते आणि पाहणे अगदी सोपे जाते. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या हंगामात परिस्थिती उलट असते : मार्गशीर्षात ती अंधार पडण्यापूर्वीच मावळते व मध्यरात्रीच्या आसपास उगवते, त्यामुळे त्या महिन्यातील गोरज मुहूर्तावर बोट कोणत्याही दिशेला केले तरी तेथे अरुंधती असत नाही. पूर्वी असे नव्हते. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी प्रकाशा येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. ती वस्ती नांदत होती त्या काळात, इ.स.पू. १५०० च्या सुमारास, पृथ्वीच्या अक्षाचा रोख वेगळा असल्याने अरुंधती ध्रुवबिंदूपासून केवळ १६ अंशांवर होती आणि प्रकाशाच्या क्षितिजाखाली ती कधीच जात नव्हती. अक्षाचा रोख सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. या संथ हालचालीला परांचन म्हणतात.

ताऱ्यांच्या दिसणाऱ्या तेजाचे माप ‘प्रत’ या एककात दिले जाते, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद समजला जातो. दोन ताऱ्यांत पाच प्रतींचा फरक असेल तर त्यांच्या तेजात शंभर पटींचा फरक असतो. निरभ्र व काळोख्या रात्री निरोगी डोळ्याला साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. अरुंधतीची प्रत ४ असून शेजारचा वसिष्ठ तिच्याहून पाच ते सहा पट तेजस्वी दिसतो, आणि दोघांमधील अंतर पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहे. अरुंधती अवघड वाटते ती बऱ्याच अंशी या तेजस्वी शेजाऱ्यामुळे.

हे मंदपण ताऱ्याचे स्वतःचे आहे की अंतरामुळे आलेले, हे अंतर मोजल्याखेरीज सांगता येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसतात. या सरकण्याला पराशय म्हणतात. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाने मोजलेला अरुंधतीचा पराशय एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या, अवघ्या पंचविसाव्या हिश्शाएवढा आहे. दहा रुपयांचे नाणे जळगावात धरले तर प्रकाशाहून त्याची रुंदी जेवढा कोन करील, साधारण तेवढाच हा कोन होय. त्यावरून अंतर सुमारे ८२ प्रकाशवर्षे निघते, आणि एवढ्या अंतरावरून चौथ्या प्रतीचा दिसणारा तारा प्रत्यक्षात सूर्याच्या तेरा-चौदा पट प्रकाश देत असला पाहिजे. सूर्यालाच अरुंधतीच्या जागी नेऊन ठेवले, तर तो जवळपास सातव्या प्रतीचा होईल आणि अमावास्येच्या रात्रीही नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

उरलेली बहुतेक माहिती वर्णपटातून मिळते. ताऱ्याचा प्रकाश लोलकासारख्या साधनाने रंगांत पसरवला असता त्यात ठिकठिकाणी काळ्या रेषा आढळतात, आणि अरुंधतीच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक असल्याने तिची गणना ‘ए’ वर्गातील पांढऱ्या ताऱ्यांत होते. तिच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ८,००० केल्विन, म्हणजे सूर्याहून दोन हजारांपेक्षा जास्त अंशांनी अधिक आहे. वस्तुमान व त्रिज्या ही दोन्ही सूर्याच्या जवळजवळ पावणेदोन ते दोन पट भरतात. याच रेषा एरवीपेक्षा बऱ्याच रुंदावलेल्या दिसतात, कारण फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते, आणि दोहोंकडील प्रकाशाच्या तरंगलांबीत फरक पडतो. या रुंदीवरून विषुववृत्तावरील वेग सेकंदाला २०० किलोमीटरहून अधिक येतो. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घेण्यास सुमारे पंचवीस दिवस लागतात. अरुंधती ती दहा-अकरा तासांत किंवा त्याहूनही लवकर उरकते.

तिच्याकडून येणारे क्ष-किरण हे बराच काळ कोडे होते, कारण या वर्गाचे तारे सहसा क्ष-किरण देत नाहीत. २००९ साली अमेरिकेतील मोठ्या दुर्बिणींतून तिच्यापासून केवळ एका विकलेवर एक तांबडा खुजा तारा आढळला, ज्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे पाव आहे आणि ज्याच्या चुंबकीय उलाढालींतून ते क्ष-किरण येत असावेत. काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहिल्यावर हा ठिपका अरुंधतीबरोबरच सरकलेला दिसला, तेव्हा तो मागचा कोणी परका तारा नसून तिचाच सोबती असल्याचे ठरले.

वसिष्ठ तर दुर्बिणीतून दुहेरी दिसतोच, शिवाय त्याचे दोन्ही घटक स्वतः जोडतारे आहेत. त्यांपैकी तेजस्वी घटक जोडतारा असल्याचे १८८९ साली वर्णपटावरून ओळखले गेले, आणि अशा रीतीने उघड झालेल्या पहिल्या काही ताऱ्यांत त्याचा समावेश होतो. अशा प्रकारे ज्या जागी डोळ्याला दोन ठिपके दिसतात तेथे सहा तारे आहेत. सप्तर्षींतील बहुसंख्य ताऱ्यांसह ते एकाच दिशेने प्रवास करतात, आणि त्यांचे वय सुमारे ५० कोटी वर्षे, म्हणजे सूर्याच्या वयाच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढे मानले जाते.

वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात व हे प्राचीनांना ठाऊक होते, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. ही दोन टोके गुरुत्वाकर्षणाने बांधलेली असण्याचा संभव बराच आहे. पण त्यांच्यातील अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या निदान सतरा-अठरा हजार पट, आणि बहुधा त्याच्या कितीतरी पट, असल्याने एका प्रदक्षिणेला काही लाख ते काही दशलक्ष वर्षे लागतील. प्रकाशाच्या टेकाडावर पहिली वस्ती झाली तेव्हापासून आजवर त्या मार्गाचा एक टक्काही पुरा झालेला नाही, आणि इतकी अल्प हालचाल नुसत्या डोळ्यांनी टिपता येणे शक्य नाही.