विमान सुटताना...

"आम्ही आपलं बसनंच जाऊ बाई!" शेजारच्या काकूंनी टीव्हीसमोर बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं.

तो दिवस १२ जून २०२५. तीनच दिवसांपूर्वी, ९ जूनला, आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं होतं. काकूंची लेक गोव्यात. दिवस भरत आलेले, म्हणून तिनं आईचं जुलैअखेरचं तिकीट काढून ठेवलेलं. काकूंचा पहिलाच विमानप्रवास. आणि आता टीव्हीवर अहमदाबादचा तो धूर!

लंडनला निघालेलं ते विमान सुटल्यावर अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. आत २४२ जण होते, त्यातला एकच वाचला. जमिनीवरचे १९ जण गेले ते वेगळेच. सांगोला तालुक्याशी नातं असलेले प्रवासीही त्यात होते, म्हणजे दुःख आपल्या जिल्ह्यापर्यंत आलं.

"काही होत नाही हो काकू" असं म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या २४२ जणांनाही निघताना कुणीतरी हेच म्हटलं असेल की! म्हणून नुसता धीर देण्यापेक्षा माहिती काढली.

जुलैत प्राथमिक अहवाल आला. विमानानं जमीन सोडली आणि काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांना इंधन देणारी बटणं एकापाठोपाठ बंद झाली. ती पुन्हा चालू केली गेली, पण विमान अजून फार वर गेलेलं नव्हतं. इंजिनांना सावरायला वेळच मिळाला नाही. उंचावर बिघाड झाला तर वैमानिकाला थोडा अवधी असतो, सुटताना तो नसतो.

आपल्या महाराष्ट्रातही असं घडलंय. २६ एप्रिल १९९३ ला तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, सुटलेलं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, मग विजेच्या तारांना. ११८ पैकी ५५ जण गेले. पण ६३ जण वाचलेही!

धावपट्टीच्या टोकाला मोकळी जागा का लागते, ते इथं कळतं. आपल्याकडे सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवरून किती वर्षं वाद चालला, आठवतं ना? जून २०२३ मध्ये ती पाडली, तेव्हा कुणाला हळहळ वाटली, कुणाला बरं वाटलं. पण विमानाच्या वाटेत उंच काही नको, एवढं मात्र खरं.

मग आपल्या हातात काय? खरं सांगायचं तर अहमदाबादसारख्या प्रसंगात फारसं काही नाही. पण सगळेच अपघात तसे नसतात. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोत उतरताना एका विमानानं पेट घेतला, तरी आतले सगळे ३७९ जण बाहेर पडले. बॅगा जागेवर सोडून! मोठ्या विमानाची परीक्षाच अशी असते, की निम्मी दारं बंद असली तरी दीड मिनिटात सगळे बाहेर यायला हवेत. त्यात एकीनं जरी बॅग काढायला हात वर केला, तरी मागची रांग खोळंबते.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं कराच. विमान सुटताना आणि उतरताना चप्पल पायातच ठेवा. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घट्ट बसवा. हवाई सुंदरी सूचना देते तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून ऐका. आपल्यापासून दार किती रांगांवर आहे ते मोजा, पुढचंही आणि मागचंही. धुरात दिसत नाही, तेव्हा हातानं रांगा चाचपडत जाता येतं. आणि प्रसंग आलाच, तर सामान विसरा.

हे सगळं काकूंना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि माझी शेंगाचटणी? कडक भाकरी? लेकीसाठी केलेला डिंकाचा लाडू?"

"काकू, चटणी परत कुटता येते की!"

जुलैअखेरीस काकू गेल्या, विमानानंच. उतरल्या उतरल्या फोन आला, "अगं, दार चार रांगा मागं होतं. दोनदा मोजलं. चप्पल काढलीच नाही बघ. भीती वाटली, पण गेले."

आठवड्यानं नात झाली. चटणीही सुखरूप पोचली होती म्हणे.