कुलाब्याच्या चुंबकसुईने मोजलेला वेग
कळंबोली महामार्गालगत, नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिच्या संशोधकांनी अभ्यासलेल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदींत एका सूर्यस्फोटाचा वेग दडला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने इंग्लंडमधून सूर्यावरचा लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्याने फेकलेला भारित कणांचा ढग वादळ होऊन पृथ्वीवर आदळला आणि कुलाब्यात चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. १५ कोटी किलोमीटरला साडेसतरा तासांनी भागा: सेकंदाला जवळपास २,४०० किलोमीटर!

ही तर सरासरी, वाटेत सौरवारा ढगाला रोखतो, असा आक्षेप रास्तच आहे. सुटतानाचा वेग याहून जास्तच असणार. पण तो वेग मोजणाऱ्या दुर्बिणीचे मापही निर्दोष नाही. ढगाची कडा आकाशाच्या पडद्यावर किती सरकली, एवढेच तिला कळते. नेमका आपल्याच दिशेने येणारा ढग तिला केवळ फुगताना दिसतो. म्हणूनच सूर्याचा वेध घेणाऱ्या आदित्य-एल१ यानाच्या काळातही जमिनीवरच्या या नोंदी मला अमूल्य वाटतात: पृथ्वीला धक्का नेमका केव्हा आणि केवढा बसला, हे त्याच सांगतात.